लोकरीला विटाळ नसतो

माय, परवा जिंतूरला एका मुलीनं मला तुझ्याबद्दल विचारलं आणि मी खोटं बोलले. मुलगी आमच्या कामावर नवीनच लागलेली. गावोगाव जाऊन बायकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तरं छापील कागदावर लिहून आणायची, हे तिचं काम. ते शिकवताना मी नेहमी स्वतःच रोगी बाई होऊन समोर बसते आणि म्हणते, विचारा मला. तिनं मी सांगितलं होतं तसं माझ्या तोंडाकडे बघत, घाई न करता विचारलं, "तुमच्या आईला पाळीच्या दिवसांत जास्त त्रास व्हायचा का? होय, नाही, की माहीत नाही?" मी म्हणाले, "माहीत नाही." तिनं चौकटीत खूण केली आणि पुढचा प्रश्न घेतला. पुढचं काय काय मी सांगितलं ते मला आता आठवत नाही. दुपारी सगळे जेवायला उठले तेव्हा मी तो कागद हळूच माझ्या पिशवीत घातला. सरावाचे कागद आम्ही फाडून टाकतो. हा मी फाडला नाही.

मी काय करते हे तुला कोणी सांगितलं नसणार, म्हणून आधी तेच सांगते. एक दुखणं आहे, एंडोमेट्रिओसिस त्याचं नाव. नाव बोजड आहे, मलाही ते जिभेवर बसवायला महिना लागला. गर्भपिशवीच्या आत जसं अस्तर असतं तसंच अस्तर पिशवीच्या बाहेर, पोटात भलत्याच ठिकाणी धरतं. दर महिन्याला आतलं अस्तर निघून जातं, बाहेरच्याला जायला वाट नसते. ते तिथंच सुजतं, रक्ताळतं, आतड्याला नाहीतर आणखी कशाला चिकटून बसतं. बाई कळवळते. आणि पाळीत सगळ्याच बायकांचं दुखतं, तुझं काय नवीन, असं म्हणण्यात तिची वर्षानुवर्षं जातात. मूलही राहत नाही कित्येकींना. तर हे लवकर ओळखायचं कसं आणि ओळखल्यावर कोणत्या बाईला कोणतं औषध लागू पडतं, हे शोधायला चार-पाच शहरांतले डॉक्टर एकत्र आलेत. मी डॉक्टर नाही. मी नर्स होते, मग दवाखान्याची कागदपत्रं सांभाळायला लागले, आणि आता म्हातारपणी या सगळ्यांची मोट बांधायचं काम माझ्याकडे आलंय. सगळ्या दवाखान्यांनी एकच प्रश्न एकाच तऱ्हेनं विचारावा, नाहीतर एकाची उत्तरं दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाहीत, एवढंच माझं म्हणणं असतं. तेवढ्यासाठी माझा जीव मेटाकुटीला येतो. तू आणि बा मेंढरं हाकायचात ना, ते सोपं होतं. मेंढरं निदान एकीमागं एक चालतात.

झरीपासून कोसभर असलेली आपली वस्ती मला अजून दिसते. घरामागं पऱ्हाट्यांच्या कुडाचं ते छप्पर, उभं राहिलं तर तुझं डोकं लागायचं एवढं बुटकं. महिन्याचे चार दिवस तू तिथं बसायचीस. पाण्याला, चुलीला, धान्याला, माणसाला शिवायचं नाही. पण लोकरीला विटाळ नसतो. त्यामुळे आजीनं हिशेबच घालून ठेवला होता की सुनेनं बाजूला बसल्यावर रिकामं बसायचं नाही, लोकर कातायची. पिंजलेल्या काळ्या लोकरीची पाटी आजी दुरूनच ढकलायची आणि तू आत ओढून घ्यायचीस. एरवी तू कोणाचीच नसायचीस, माझी तर नाहीच. पहाटे कळपामागं जायचीस, नाहीतर दुसऱ्याच्या रानात खुरपायला, नाहीतर पाण्याला. चार दिवस मात्र एका जागी बसलेली सापडायचीस. मी कुडाबाहेर उभी राहून रडायची, तेव्हा तूच शोधून काढलंस की लोकर पांघरून आलं तर पोरीलाही विटाळ होत नाही. बानं तुझ्याच सुताची माझ्या अंगाची एक लहान घोंगडी विणून दिली. ती पांघरली की मला आत यायला मोकळीक होती. आजीनं एकदा नाक मुरडलं, पण लोकरीपुढे तिचंही काही चालेना.

मी आत शिरतेय. आत लोकरीचा उग्र वास आहे आणि कुडातून उन्हाच्या बारीक रेघा आल्यात. तू गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर पडलीयस, सूत कातायची चाती बाजूला लवंडलीय. माझी चाहूल लागताच तू उठून बसतेस, तोंडावरून हात फिरवतेस आणि म्हणतेस, "आलीस का? ये, गार लागायलंय न्हाई तुला?" मग चाती फिरवता फिरवता मला गोष्ट सांगतेस. गोष्टीतलं कोकरू लांडग्याला दर वेळी नवीन थाप मारतं. मधेच तू थांबतेस. ओठ दाताखाली घेतेस, चाती हातात तशीच, डोळे मिटलेले. मी म्हणते, "मग? पुढं?" आणि तू डोळे न उघडता पुढं सांगतेस. तुझ्या कपाळावर घाम असायचा, माय, थंडीतसुद्धा. तिसऱ्या दिवसापासून तू बरी असायचीस, खरोखरीची हसायचीस, माझ्या केसांतल्या उवा काढायचीस. मी गोष्टीपुढे बाकीचं बघत नव्हते असं मला म्हणता येणार नाही. सगळं बघत होते.

बा घरापुढच्या खड्ड्यातल्या मागावर बसला की तुझ्या नावानं खडे फोडायचा. तुझ्या सुतात गाठी असायच्या. पहिल्या दोन दिवसांचं सूत जाडंभरडं, कुठं बोटाएवढं तर कुठं तुटायला आलेलं. नंतरच्या दोन दिवसांचं इतकं एकसारखं की झरीच्या बाजारात बायका हात लावून बघायच्या. "हे काय सूत हाय का काथ्या? नीट कातता येतंय तर काततीस का न्हाई गं?" बा ओरडायचा. त्याचं म्हणणं असं की जिला चांगलं येतं ती वाईट करते म्हणजे मुद्दाम करते. त्याला वाईट माणूस म्हणता येणार नाही, मला तो खांद्यावर बसवून मेंढरं दाखवायचा. पण तू काय भोगतेस हे त्या सुतात रोज त्याच्या बोटांखालून जात होतं आणि त्याला त्यात नुसता आळस दिसत होता. ती घोंगडी माझ्याकडे आहे. डोळे मिटून हात फिरवला तर आधी खरखरीत पट्टा लागतो, मग मऊ, पुन्हा खरखरीत, पुन्हा मऊ. एक खरखरीत आणि एक मऊ मिळून तुझा एक महिना.

आता ती गोष्ट सांगते. मी आठ वर्षांची असेन. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती, आमच्या शाळेत मास्तर नवीन मराठी पुस्तकं वाटत होते. त्या वेळी तुझं दुखणं वाढलं होतं. आता तू पहिल्या दिवशी ओकायचीस, आणि कण्हणं कुडाबाहेर यायला लागलं होतं. एका सकाळी बा मागावरून उठून आजीला म्हणाला, "परभणीला बाई डाक्तर आलीय म्हणत्यात. उद्या मोटारीनं नेऊन आणतो तिला." मला अजून नवल वाटतं की तो हे बोलला. आजी जात्यावर होती. ती म्हणाली, "डाक्तर काय करंल? ती खालच्या आळीची न्हाई का, हैदराबादला नेली न् पिशवीच काढून टाकली तिची. आता तिला ना बाजूला बसणं ना काही. आपल्याला तसलं करायचंय का? एकच पोर हाय पदरात." बानं धोतराला चिकटलेली लोकर झटकली. मग म्हणाला, "पण लय तकलीफ हाय वाटतंय तिला." आणि यावर आजीनं जे केलं ते आपल्याकडे कोणीही केलं असतं. तुला विचारायला कोणी छपरापाशी गेलं नाही. नवऱ्यानं जायचं नाही, सासूनं शिवायचं नाही, आणि असलं दुरून ओरडून विचारायचं कसं? आत जाणारी घरात मी एकटी. आजीनं मला हाक मारली. "इकडं ये गं. खरं सांग. आत ती खरंच लय कण्हायली का, का आमी ऐकावं म्हणून?"

मी म्हणाले, "न्हाई. काय दुखत न्हाई तिला. माज्यासंगं हसती, गोष्टी सांगती."

हसायचीस हे खरं होतं, गोष्टी सांगायचीस हेही खरं होतं. आजीनं बाकडे बघितलं, "ऐकलंस? लेकरू खोटं बोलंल का?" आणि बा पुन्हा मागाच्या खड्ड्यात उतरला. दुसऱ्या दिवशी जिंतूरहून परभणीला जाणारी मोटार तिच्या वेळेला गेली. वस्तीवरून तिचा फुफाटा दिसायचा. मी तो बघत उभी होते, मग घोंगडी पांघरून तुझ्याकडे आले. पऱ्हाट्यांच्या कुडाला कान असतात हे मला तेव्हा कळत नव्हतं. तू त्या दिवशी उठून बसली नाहीस. कुशीवरच पडून माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालीस, "माज्या वाटचं तू कशाला बोललीस गं?" एवढंच. आवाज चढवला नाहीस. त्यानंतर पाच वर्षं तू होतीस, पण त्या एका बोलण्याखेरीज मला कधी रागावल्याचं आठवत नाही. थोड्या वेळानं तू हात लांब केलास, माझी घोंगडी नीट केलीस आणि कोकराची गोष्ट सांगायला लागलीस. मी मागितली नव्हती.

पुढं दोन वर्षांनी तू परभणीला गेलीसच. तेव्हा दुखणं चार दिवसांत मावत नव्हतं. आजी बरोबर होती आणि तुला धरून चालायला मी. डाक्तरीणबाई हैदराबादकडच्या, चष्मा लावलेल्या, मायाळू होत्या. त्यांनी तुझा हात हातात घेऊन विचारलं, "कित्ते दिनां से तकलीफ है अम्मा?" तू तोंड उघडायच्या आत आजी बोलली, "चार दिवसाचं असतंय, समद्या बायांगत. दुसरं लेकरू ऱ्हाईना, तेवढं बघा बाई." तू माझ्याकडे बघितलंस. सासूपुढे तू बोलणार नव्हतीस, ते मला दहाव्या वर्षीही समजत होतं. मी बोलले असते तर चाललं असतं, लहान पोर काहीही बोलतं. मी कोपऱ्यातल्या वजनकाट्याकडे बघत राहिले. एकदा तुझ्या वाटचं बोलून बसले होते, आता बोलायचं तेव्हा दातखीळ बसली. बाईंनी लाल औषधाची बाटली दिली आणि सांगितलं की दुसरं मूल झालं की सगळं बसेल. त्यांना दोष देत नाही. त्या काळी भल्याभल्यांना हे ओळखता येत नव्हतं, आजही येत नाही. पण ज्या दुखण्यानं मूल राहत नव्हतं त्यावर मूल हाच उपाय सांगून आपल्याला परत पाठवलं, हे मनात आलं की मी हातातलं काम खाली ठेवते.

महाराष्ट्र झाला म्हणून शाळेत साखर वाटली, त्याच्या आदल्या उन्हाळ्यात तू गेलीस. पोट फुगलं, दोन दिवस पाणीही राहिलं नाही. कोणी अपेंडिक्स म्हणालं, कोणी करणी. मला आता वाटतं की आतड्यालाच चिकटलं असावं काहीतरी. पण वाटणं म्हणजे निदान नव्हे, हे मीच सगळ्यांना सांगत असते, तेव्हा तुझ्या बाबतीतही मला ते पाळलं पाहिजे. तुझ्या दुखण्याचं नाव मला कधीच कळणार नाही. मामानं मला परभणीला नेलं, शिकवलं, नर्सिंगला घातलं. निघताना बानं ती लहान घोंगडी माझ्या बोचक्यावर ठेवली आणि तोंड फिरवलं. मी दवाखान्यात लागल्यावर एकदा तो आला होता, तेव्हा त्यानं मला विचारलं, "ती मुद्दाम करत नव्हती ना गं?" मी म्हटलं, "नाही बा." तो म्हातारा ढसाढसा रडला. माझ्याबद्दल मी त्याला तेव्हाही काही सांगितलं नाही.

आमच्या कामात दोन नियम माझे आहेत आणि त्यांवरून मी फार बोलणी खाल्लीत. पहिला असा की बाईला एकटीला विचारायचं. सासू नको, नवरा नको, कडेवरचं पोरसुद्धा बाहेर पाठवायचं. तरुण डॉक्टर वैतागतात, "मॅडम, खेड्यात हे जमतं का?" मी म्हणते, जमवा. दुसरा नियम प्रश्नाचा. डॉक्टरांच्या कागदावर होतं की दुखणं दहापैकी किती ते सांगा. झरीला एक बाई पदर तोंडाला लावून हसली, "दहातले किती म्हंजे? मी काय परीक्षेला बसलेय व्हय?" आणि दुखतं का असं विचारलं की सगळ्या मेल्या एका सुरात म्हणतात, "न्हाई, जरा जडावतं." म्हणून मी एक प्रश्न घातला: त्या दिवसांत कोणतं काम हातून नीट होत नाही? एका डॉक्टरांनी तो खोडला, शास्त्रीय नाही म्हणाले. मी पुन्हा घातला. तीन बैठका त्यावर भांडले. शेवटी सराव म्हणून देवगाव फाट्याजवळच्या एका वस्तीवर तो विचारून बघायचं ठरलं, आणि ते डॉक्टर स्वतः बरोबर आले. तिथली एक तरणी बाई, लग्नाला सहा वर्षं, मूल नाही. दुखतं का? न्हाई. मग मी माझा प्रश्न विचारला. तिनं दाराबाहेरच्या शेळीकडे बघितलं आणि म्हणाली, "शेळी पिळायला बसता येत न्हाई, बाई. बसले की पोटात कुणी पिळा घातल्यावानी होतंय. जाऊ मग पिळती आणि टोमणे मारती." डॉक्टरांनी लिहायचं थांबवलं. त्यानंतर प्रश्न कागदावर राहिला. त्या बाईची तपासणी झाली, औषध चालू आहे, आणि गेल्या खेपेला तिनं मला सांगितलं की शेळी ती स्वतः पिळते. त्या दिवशी घरी येऊन मी तुझी घोंगडी काढली आणि तिच्या खरखरीत पट्ट्यांवर हात ठेवून बसून राहिले. तुझ्या हातून कोणतं काम नीट होत नव्हतं हे तू कातूनच ठेवलं होतंस, ते वाचायला मला पन्नासच्या वर वर्षं लागली.

लोक मला म्हणतात, बाई, तुम्ही या कामाला आयुष्य वाहिलंत. सत्कारात बोलतात तसलं. मी मान डोलावते. आईच्या आठवणीत करते असंही मी एकदा भाषणात म्हणून बसले आणि टाळ्या घेतल्या. पण परवा त्या मुलीनं साधा सरळ प्रश्न विचारला तेव्हा माझ्या तोंडून निघालं काय, तर माहीत नाही. काल मी तो कागद काढला. "माहीत नाही"वरची खूण खोडून "होय"वर केली. खोडाखोड केली तर बाजूला सही करायची, हाही माझाच नियम, म्हणून सही केली. मग वाटलं की त्या "होय"नं काही पुरं होत नाही, कारण त्यात मी कुठंच नाही. म्हणून हे लिहायला बसले. पाठवायचं कुठं ते तुला मला दोघींनाही ठाऊक आहे. घोंगडीच्या घडीत घालून ठेवीन, लोकरीत कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला असतो, त्याच्याशेजारी.

मी तसं का बोलले हे तू कधी विचारलं नाहीस. आजीला घाबरून बोलले असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. ते खरं नाही. आजी म्हणाली होती ना, डाक्तरकडे गेलं की पिशवी काढतात आणि मग बाजूला बसायचं कामच राहत नाही. मी ते ऐकलं होतं. तू बरी झालीस तर ते छप्पर जाईल, तो उन्हाच्या रेघांचा अंधार जाईल, कोकराची गोष्ट जाईल, आणि तू पुन्हा मेंढरांमागं निघून जाशील, एवढंच मला समजलं. तुझं दुखतंय हे मला कळत होतं, माय. पण ते चार दिवस कधी येतात म्हणून मी महिनाभर वाट बघायची.